गीझरला तास लागतो आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येतात (ग्वाल्हेर, जुना वाडा)

दौलतगंज_वाडा
३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या आतल्या गल्लीत. आजोबांनी घेतलेला वाडा. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर दगडी पट्ट्यांचं छत, मधे चौक. मे महिन्यात या घरासारखं सुख नाही. पण पौषात भिंती एकदा गारठल्या की गारठल्या. दोन-दोन दिवस धुकं हटत नाही, पहाटे पारा चार-पाचवर येतो, आणि घरात बसल्या बसल्या तोंडातून वाफ निघते.

घरात आई आहे, वय ७९. पहाटे आंघोळ झाल्याशिवाय ती देवाला हात लावत नाही, आणि पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही. या वयात तिला बदलायला सांगणं मला जमत नाही, सांगावंसंही वाटत नाही. त्यामुळे सकाळी साडेपाचला गरम पाणी हवंच.

गीझर २५ लिटरचा, २००० वॉटचा, सहा वर्षांचा. मागच्या थंडीत पाऊण तासाच्या आत दिवा विझायचा. यंदा चाळीस मिनिटांनी पाहिलं तर पाणी नुसतं कोमट, आणि दिवा विझायला तास लागतो. तेही चालवून घेतलं असतं. पण रविवारी आई बाहेर येऊन म्हणाली, "अरे, नळ चावतो." मला वाटलं, पाणी फार कढत आलं असेल. मी ओल्या हाताची मागची बाजू नळाला लावली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आईने असा नळ किती दिवस धरला असेल, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

गीझर तेव्हापासून बंद आहे. पाणी गॅसवर पातेल्यात तापवतो आणि न्हाणीत उचलून नेतो. दोन मिस्त्री येऊन गेले. पहिला म्हणाला, गीझर खलास, ग्वाल्हेरचा व्यापारी मेळा लागलाय, तिथून नवा आणा. दुसरा म्हणाला, गीझर ठीक आहे, अर्थिंग येत नाही, तिसऱ्या पिनेला न्यूट्रल जोडून देतो, झिणझिण्या बंद. मी दोघांनाही थांबवलं. काय करावं?


निवृत्त_तारतंत्री
३ जानेवारी, रात्री १०.१५

थांबवलंत ते फार बरं केलंत. आधी एक काम आत्ताच करा. गीझरचं नुसतं बटण बंद ठेवू नका, प्लग ओढून बाहेर काढा. जुन्या घरात कित्येक वेळा स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) नसतो, न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असतो. बटण बंद असलं तरी आत फेज उभी असते.

आता दुखण्याबद्दल. ही दोन वेगळी दुखणी दिसतात. पाणी तापायला वेळ लागतो तो एक आजार आणि नळ चावतो तो दुसरा. दोन्ही गीझरच्या आत असतील असं नाही. छत्तीस वर्षं तारा ओढल्यात, त्यात मी पाहिलंय की यंत्र बदललं जातं आणि आजार घरातच राहतो.

मल्टीमीटर आहे का? नसेल तर घ्या. तोवर एवढं सांगा: घराची वायरिंग कधीची, गीझरच्या पॉइंटपर्यंत तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, आणि अर्थची तार शेवटी जाते कुठे? "सॉकेटात तीन भोकं आहेत" हे उत्तर नको. ती हिरवी तार जमिनीत नेमकी कुठे शिरते, ते शोधा.

न्यूट्रल तिसऱ्या पिनेला जोडायचं मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याबद्दल सविस्तर लिहितो.


फालका_बाजार
४ जानेवारी, सकाळी ८.०५

आमच्याकडे याच कटकटीमुळे तीन वर्षांपूर्वी गॅस गीझर लावला. विजेचा संबंधच नाही, दोन मिनिटांत कढत पाणी, लाइट गेली तरी आंघोळ अडत नाही. काकूंसाठी तेच बरं पडेल.


मुरारची_मावशी
४ जानेवारी, सकाळी ११.३०

फालका बाजारवाले दादा, तुमचा गीझर न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर कृपा करून हे वाचा.

माझ्या भाचीच्या सासरी चार बाय सहाच्या न्हाणीत गॅस गीझर होता. वर एक झरोका होता. थंडीचं वारं येतं म्हणून डिसेंबरात कुणीतरी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला. भाची आंघोळीला गेली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पाण्याचा आवाज चालूच. सासूबाईंना वाटलं केस धुतेय. हाक मारली तर उत्तर नाही, दार वाजवलं तर उत्तर नाही. दार तोडलं तेव्हा ती बादलीशेजारी पडलेली, गाल अगदी गुलाबी, वरचा नळ तसाच वाहतोय. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवली. वाचली. पण पुढे महिनाभर तिचं डोकं दुखायचं आणि बोलता बोलता शब्द हरवायचा.

ती गॅसगळती नव्हती. गळती असती तर वास आला असता, स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. बंद जागेत ज्योतीला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. गुदमरल्यासारखं वाटतही नाही. जडपणा येतो, थोडं गरगरतं, पाय लटपटतात, आणि तोवर कडी उघडायची ताकद गेलेली असते.

आता त्यांचा गीझर बाहेर गॅलरीत आहे, आत फक्त नळ येतो. ज्योत निळी असायला हवी. पिवळी किंवा नारिंगी दिसली, वर काजळी धरली, तर त्याच दिवशी बंद करून साफ करून घ्यावा. आणि झरोका कधीही बुजवू नये, कितीही थंडी असली तरी.


फालका_बाजार
४ जानेवारी, दुपारी १.१०

मावशी, आत आहे. आज उतरवतो. माणूस येईपर्यंत सिलिंडर बंद करून ठेवलाय. लिहिलंत, फार उपकार झाले.


इंदूर_रामबाग
४ जानेवारी, दुपारी ३.२०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमचा गॅस गीझर बाहेरच आहे, पण थंडीत सकाळी टिक-टिक आवाज येतो आणि पेटत नाही. दुपारी पेटतो.


निवृत्त_तारतंत्री
४ जानेवारी, संध्याकाळी ६.००

रामबागवाले, आधी खालचे दोन्ही सेल नवे टाका. थंडीत जुना सेल बसतो, ठिणगी पडते पण दुबळी. मग पाण्याचा दाब पाहा. पाणी जोरात वाहिलं तरच आतला पडदा ढकलला जाऊन गॅस सुटतो. सकाळी टाकी रिकामी असेल किंवा इनलेटच्या जाळीत कचरा असेल तर गॅस सुटतच नाही. तिसरं कारण सिलिंडर. आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. त्यातला ब्यूटेन शून्याच्या जवळपास आला की वायू व्हायला कुरकुरतो, त्यामुळे अर्धा संपलेला सिलिंडर कडाक्याच्या पहाटे कमी दाब देतो. सिलिंडरवर गरम पाणी ओतायला जाऊ नका, त्याखाली आग तर स्वप्नातही नाही. जागा बदलून वारा लागणार नाही अशा पण मोकळ्या ठिकाणी ठेवा.


दौलतगंज_वाडा
५ जानेवारी, रात्री ९.१५

तारतंत्री काका, मल्टीमीटर आणला. शेजारचा मुलगा आयटीआय झालेला आहे, त्याला सोबत घेऊन तुम्ही म्हणालात तसं पाहिलं.

वायरिंग १९६८ची, लाकडी पट्टीवरची, अॅल्युमिनियमची. मीटरपासून न्हाणीपर्यंत वीस मीटर तरी असेल. सहा वर्षांपूर्वी गीझर बसवताना न्हाणीच्या बाहेरून पुढे तांब्याची तार ओढली, मागची जुनीच राहिली.

व्होल्टेज: मीटरजवळ २१२. न्हाणीच्या बोर्डावर, गीझर बंद असताना २११. आईला दुसऱ्या खोलीत बसवलं, न्हाणीला कडी घातली आणि गीझर पाच मिनिटं चालू केला. त्याच बोर्डावरच्या शेजारच्या पॉइंटात १९०. त्या वेळी मीटरजवळ २०८.

प्लग काढून, त्याची एक चपटी पिन आणि अर्थची पिन यांच्यात ओहम मोजले तर ६० हजारांच्या आसपास आले. दोन चपट्या पिनांमध्ये २६.

अर्थची तार उद्या उजेडात शोधतो.


निवृत्त_तारतंत्री
५ जानेवारी, रात्री १०.५०

शाबास. असे आकडे समोर आले की अंदाज बांधावा लागत नाही. शांतपणे वाचा.

तुमच्या एलिमेंटचे (पाणी तापवणाऱ्या कांडीचे) २६ ओहम बरोबर आहेत. २३० व्होल्टला २००० वॉटचं एलिमेंट एवढंच असतं. म्हणजे ते जळालेलं नाही. पण व्होल्टेज घटलं की वॉट नुसते त्या प्रमाणात घटत नाहीत, वर्गाच्या प्रमाणात घटतात. १९० व्होल्टवर तुमचा २००० वॉटचा गीझर १३६५ वॉटचा होतो. २५ लिटर पाणी, टाकीतलं १२ अंशांचं, ६० अंशांवर न्यायचं तर पूर्ण व्होल्टेजला ४२ मिनिटं लागतात आणि १९० ला ६१. तुमचा तास तो हा. गीझर बिचारा मिळेल तेवढ्यात काम करतोय. मेळ्यातून नवा आणला असता तर त्यालाही तासच लागला असता.

२३० चे २०८ येताहेत ते वीज कंपनीचं. सकाळी सगळ्या मोहल्ल्याचे गीझर एकदम चालतात, त्याला आपला इलाज नाही. पण २०८ चे १९० होतात ते तुमच्या घरात. अठरा व्होल्ट वाटेत जिरताहेत. वीस मीटर बारीक अॅल्युमिनियममध्ये जाऊन-येऊन आठेक व्होल्ट जातील. उरलेले दहा एकाच ठिकाणी जात असणार, आणि मला जवळजवळ खात्री आहे की जिथे जुनी अॅल्युमिनियमची तार नव्या तांब्याला पिळली तिथेच. हे दोन धातू नुसते पिळून टिकत नाहीत. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, तापून-निवून पीळ सैल होतो, सैल झाला की जास्त तापतो. दहा व्होल्ट गुणिले सव्वासात अँपियर म्हणजे सत्तरच्या वर वॉट. पंचवीस वॉटचे तीन सोल्डरिंग आयर्न एकत्र बांधून लाकडी पट्टीवर तासभर ठेवलेत तर काय होईल? रोज पहाटे तुमच्या भिंतीवर ते होतंय. नळाच्या झिणझिण्यांइतकंच मला याचं भय वाटतं. उद्या तो जोड उघडा. मेन बंद करून.

झिणझिण्यांचं: ६० हजार ओहम म्हणजे एलिमेंटच्या आवरणात पाणी शिरलंय. निरोगी असतं तर लाखांत, मेगओममध्ये आकडा आला असता. तिथून तीन-चार मिलिअँपियर गळतात. अर्थ जिवंत असता तर तेवढे निमूट जमिनीत गेले असते. ते आईंच्या हातातून गेले, याचा अर्थ अर्थ मेलेला आहे.


दौलतगंज_वाडा
६ जानेवारी, दुपारी २.३०

काका, दोन्ही सापडलं.

जोड न्हाणीच्या दाराच्या वर, पट्टीला लागून होता. मेन बंद केला, काळी टेप सोडवायला गेलो तर ती सुटेना, वितळून बिस्किटासारखी कडक झालेली. आत तांबं जांभळट-काळं, आणि अॅल्युमिनियमची तार चिमटीत धरताच मोडली. खालच्या लाकडाला अंगठ्याएवढा खळगा, कोळशासारखा काळा. बोट फिरवलं तर बोटाला काजळी. बराच वेळ मी शिडीवर तसाच उभा होतो. त्या दाराखालून आई रोज जाते.

आता अर्थ. सॉकेटातून निघालेली तार पट्टीवरून चौकात येते आणि नळाच्या जुन्या लोखंडी पाइपाला पट्टा घालून आवळलेली होती. आजोबांच्या वेळी तोच पाइप जमिनीत जायचा, म्हणून अर्थ मिळायचा. दोन वर्षांपूर्वी पाइप गंजला म्हणून आम्ही तिघरा धरणाच्या पाण्याच्या लाइनीपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून खाली सगळं प्लास्टिकचं करून घेतलं. नळवाल्याने पाइप कापला आणि पट्ट्यासकट वीतभर तुकडा भिंतीवर ठेवून दिला. तो तिथेच आहे, तार अजून त्याला बांधलेली, खाली काही नाही. गीझरपासून नळापर्यंतचा भिंतीतला तुकडा तेवढा लोखंडी राहिला, तोच चावत होता.

दोन वर्षं. नळवाल्याला विजेचं ठाऊक नव्हतं, मला दोन्हीचं ठाऊक नव्हतं.


निवृत्त_तारतंत्री
६ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

लष्करातल्या, मुरारमधल्या निम्म्या जुन्या घरांत हेच निघेल. पूर्वी नळाच्या पाइपावर अर्थ घ्यायची सर्रास पद्धत होती. ज्यांनी गेल्या काही वर्षांत नळ बदलून प्लास्टिकचे केले, त्या सगळ्यांनी चौकात जाऊन ती तार कुठे जाते ते पाहावं. आजच पाहावं.

कबूल केलेलं आता लिहितो. न्यूट्रलला अर्थ जोडला की झिणझिण्या थांबतात, हे खरं. म्हणून तर मिस्त्री ते करतात आणि घरातले समाधान मानतात. पण उद्या खांबावर किंवा तुमच्यासारख्या जोडात न्यूट्रल तुटला, की एलिमेंटमधून आलेली फेज परत जायला वाट शोधते आणि ती थेट गीझरच्या पत्र्यावर, नळावर, त्याच लाइनीवरच्या फ्रिजवर उभी राहते. तेव्हा ती तीन मिलिअँपियर नसते, माणूस मारण्याइतकी असते. तुमच्या न्यूट्रलच्या जोडाची अवस्था आज तुम्हीच पाहिलीत.

आता करायचं काय. चौकात कच्ची जमीन असेल तिथे स्वतंत्र अर्थिंग करा: ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, किमान अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला तोंड. भारतीय मानक ३०४३ मध्ये पाइपाचं माप हेच दिलंय. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालत जा, आपल्याकडची जमीन मेमध्ये ठणठणीत कोरडी होते. मीटरपासून गीझरपर्यंत चार एमएमची (म्हणजे चार चौरस मिलिमीटरची) तांब्याची अखंड तार, मधे जोड नको, सोळा अँपियरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच).

आणि आरसीसीबी, ३० मिलिअँपियरचा. लोक म्हणतात, एमसीबी आहे ना. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. तो जास्त करंट ओढला तर पडतो. तुमच्या पाइपाचा अर्थ समजा आठ ओहम आला आणि उद्या फेज पूर्ण पत्र्यावर आली, तर २९ अँपियर वाहतील. सोळाच्या एमसीबीला तेवढ्यावर पडायला बराच वेळ लागू शकतो, आणि तोवर नळ धोक्याचा. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट तोलतो. तीस मिलिअँपियरचा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.


नया_बाजार_गृहिणी
७ जानेवारी, सकाळी १०.२०

मी शांतपणे वाचत होते. खोलीबद्दल विचारू का? सासऱ्यांना दमा आहे. हीटर लावला की घसा कोरडा पडतो. सगळे म्हणतात हीटर ऑक्सिजन खातो. म्हणून ते रात्री कोळशाची सिगडी मागतात, त्यांच्या लहानपणी तीच होती म्हणे.


मुरारची_मावशी
७ जानेवारी, दुपारी १२.००

ताई, सिगडी खोलीत अजिबात नको. जे माझ्या भाचीला झालं तेच सिगडीने होतं, आणि झोपेत होतं. धुरकट कोळसा बाहेर ठेवला, लाल निखारे झाल्यावर आत आणले, तरी निखाऱ्यातून तोच वायू निघत राहतो. धूर नाही म्हणून धोका नाही असं समजून दर थंडीत आपल्या भागात घरंच्या घरं जातात. आमच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून आहे, पण तो चौकात, उघड्या आभाळाखाली पेटतो.


निवृत्त_तारतंत्री
७ जानेवारी, दुपारी ४.४५

विजेचा हीटर ऑक्सिजन खात नाही, त्यात काहीच जळत नाही. होतं असं की थंड हवा तापवली की तिची ओल धरायची ताकद वाढते, पण ओल तेवढीच असते, म्हणून हवा कोरडी लागते. पसरट भांड्यात पाणी ठेवा, खिडकी बोटभर उघडी ठेवा. दम्याच्या माणसाला उघड्या कॉइलचा किंवा पंख्याचा ब्लोअर नको, तो धूळ उडवतो. तेलाचा, पंखांचा रेडिएटर बरा. हळू तापतो पण आवाज नाही, लाल कॉइल नाही. तोही दोन हजार वॉटचा असतो, म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही आणि गीझरच्या लाइनीवर तर नाहीच. दगडी भिंतीला पाठ लावून पलंग असेल तर तो वीतभर पुढे ओढा, मधे सतरंजी टांगा. निम्मा गारठा भिंतीतून येतो.


दौलतगंज_वाडा
१२ जानेवारी, रात्री ९.००

कळवायला उशीर झाला, काम चालू होतं.

तुळशीवृंदावनाच्या मागे अर्थचा पाइप गेला. खणताना चार फुटांवर दगड लागला, जागा दीड हात सरकवावी लागली. चार एमएमची नवी तार एका तुकड्यात आली. एलिमेंट बदललं. झाकण उघडल्यावर आत बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर बोटभर निघाला आणि टाकी गंजू नये म्हणून असतो तो मॅग्नेशियमचा रॉड झिजून नुसती सळई उरलेली, तोही नवा घातला. सहा वर्षांत आम्ही तो एकदाही पाहिला नव्हता.

आज पहाटे मोजलं. न्हाणीत गीझर चालू असताना २०५ व्होल्ट, दिवा ५१ मिनिटांत विझला. ओल्या हाताने मी आधी नळ धरून पाहिला, मग आईला हाक मारली.

दोन शंका. परवा आरसीसीबी एकदा पडला. शोधलं तर माडीवर भाडेकरूंनी बादलीत जुना इमर्शन रॉड लावला होता. त्यांना तो टाकून द्यायला सांगितलं, आता खालून गरम पाणी नेतात. हे बरोबर केलं ना? दुसरं, गीझर तापताना वरच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. गळती आहे का?


निवृत्त_तारतंत्री
१२ जानेवारी, रात्री ९.३५

रॉडचं अगदी बरोबर केलंत. बादलीत हात घालून पाणी कोमट झालं का ते पाहायची सवय असते लोकांना, तो आरसीसीबी नसता तर कुणाचा तरी हात त्या पाण्यात गेला असता.

थेंबांचं काळजीचं नाही. २५ लिटर पाणी १२ वरून ६० अंशांवर गेलं की ४०० मिलिलिटरच्या आसपास फुगतं. परत टाकीत जाता येत नाही म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. दोन कप पाणी पडलं तर ते काम करतोय असं समजा. गीझर बंद असतानाही सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदला. थेंब पडतात म्हणून कुणी तिथे बूच मारायला सांगेल, त्याला दारातूनच परत पाठवा.


मुरारची_मावशी
१२ जानेवारी, रात्री १०.१०

आमच्या चौकात काल पाहिलं. आमचीही तार कापलेल्या पाइपालाच बांधलेली निघाली. आमचे नळ गेल्या दिवाळीत बदलले. वाडावाले दादा, तो आयटीआयचा मुलगा मुरारला येईल का?


दौलतगंज_वाडा
१२ जानेवारी, रात्री १०.२५

मावशी, त्याला विचारलं, रविवारी सकाळी येतो म्हणतोय. मीही मल्टीमीटर घेऊन येतो. तोवर गीझरचा प्लग काढून ठेवा.